एडवर्ड कर्टिस

एडवर्ड शेरिफ कर्टिस (१६ फेब्रुवारी १८६८ – १९ ऑक्टोबर १९५२) हे अमेरिकन छायाचित्रकार, प्रवासी आणि लोकसंस्कृतीचे संकलक होते. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासी जमातींचे जीवन, त्यांच्या भोवतीचा निसर्ग आणि त्यांच्या धर्मश्रद्धा यांची नोंद करणारा ‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’ हा वीस खंडांचा ग्रंथ हे त्यांचे प्रमुख कार्य होय. हे खंड इ.स. १९०७ ते १९३० या काळात प्रकाशित झाले. त्यासाठी कर्टिस यांनी तीन दशके प्रवास केला, ८० हून अधिक जमातींना भेटी दिल्या आणि सुमारे ४०,००० छायाचित्रे टिपली.

मूलनिवासी जमाती आणि त्यांचे जग लवकरच नामशेष होणार, अशी त्या काळातील बहुतेक गोऱ्या अमेरिकनांप्रमाणे कर्टिस यांचीही समजूत होती. नष्ट होण्यापूर्वी या जीवनाचे चित्र जतन करावे, हा त्यांच्या कार्यामागील हेतू होता. ही समजूत पुढे चुकीची ठरली. तिने त्यांच्या छायाचित्रांना सौंदर्य दिले, तसेच त्यांत काही दोषही निर्माण केले. त्यामुळे कर्टिस यांचे कार्य आजही एकाच वेळी आदराचा आणि वादाचा विषय आहे.

बालपण

कर्टिस यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या गावाजवळ झाला. त्यांचे वडील जॉन्सन कर्टिस हे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडील सैन्यात होते. युद्धातून परतल्यावर त्यांची प्रकृती कायमची ढासळली. पुढे त्यांनी धर्मोपदेशकाचे काम केले. आईचे नाव एलेन शेरिफ असे होते. कुटुंब गरीब होते. काही वर्षांनी ते मिनेसोटा राज्यात स्थायिक झाले. एडवर्ड यांचे शालेय शिक्षण सहावीच्या पुढे गेले नाही. वडिलांनी युद्धातून आणलेले एक भिंग वापरून त्यांनी लहानपणीच स्वतःचा कॅमेरा तयार केला, असे सांगितले जाते. वयाच्या सतराव्या वर्षी ते सेंट पॉल या शहरात एका छायाचित्रकाराकडे उमेदवारी करू लागले.

इ.स. १८८७ मध्ये एडवर्ड आणि त्यांचे वडील चांगल्या हवामानाच्या व उपजीविकेच्या शोधात पश्चिमेकडील वॉशिंग्टन प्रदेशात गेले. पुढच्या वर्षी आई व इतर भावंडे तेथे पोहोचली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वडिलांचे न्यूमोनियाने निधन झाले. विशीत पाऊल टाकलेल्या एडवर्ड यांच्यावर संसाराचा भार आला. शेतीकाम, लाकूडतोड, मासेमारी अशी मिळतील ती कामे करून त्यांनी कुटुंबाचा निर्वाह केला.

सिॲटलमधील व्यवसाय

लवकरच कर्टिस यांनी प्यूजेट साउंडच्या पलीकडील सिॲटल शहरात १५० डॉलर देऊन एका छायाचित्रण स्टुडिओत भागीदारी मिळवली. काही महिन्यांनी ती सोडून त्यांनी टॉमस गप्टिल यांच्याबरोबर नवा व्यवसाय सुरू केला. इ.स. १८९२ मध्ये क्लारा फिलिप्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना हॅरल्ड, बेथ, फ्लॉरेन्स आणि कॅथरिन अशी चार अपत्ये झाली. सिॲटलमधील प्रतिष्ठित मंडळी कर्टिस यांच्या स्टुडिओत आपली छायाचित्रे काढून घेऊ लागली आणि अल्पावधीत ते शहरातील नामवंत छायाचित्रकार बनले.

ज्या मूलनिवासी प्रमुखाच्या नावावरून सिॲटल शहराला नाव मिळाले, त्याची वृद्ध कन्या किकिसोब्लू त्या वेळी शहराच्या किनाऱ्यावरील एका झोपडीत राहत असे. गोरे लोक तिला प्रिन्सेस अँजेलिन म्हणत. मूलनिवासींनी शहरात राहू नये असा नियम इ.स. १८६५ मध्ये करण्यात आला होता. तरीही ती आपली जागा सोडून गेली नव्हती. समुद्राच्या ओहोटीत शिंपले वेचून आणि लोकांचे कपडे धुऊन ती पोट भरत असे. कर्टिस यांनी प्रत्येक छायाचित्रामागे एक डॉलर देऊन तिची छायाचित्रे काढली. मूलनिवासी व्यक्तीचे त्यांनी केलेले हे पहिले महत्त्वाचे चित्रण मानले जाते. ३१ मे १८९६ रोजी किकिसोब्लूचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी एका राष्ट्रीय प्रदर्शनासाठी कर्टिस यांच्या तीन छायाचित्रांची निवड झाली. त्यांपैकी दोन किकिसोब्लूची होती. तिसरे, मावळत्या प्रकाशात होडीतून घरी परतणाऱ्या लोकांचे ‘होमवर्ड’ हे छायाचित्र, सुवर्णपदकास पात्र ठरले.

निसर्गछायाचित्रण आणि अलास्काची मोहीम

कर्टिस हे उत्तम गिर्यारोहक होते. सिॲटलजवळील माउंट रेनियर या हिमाच्छादित ज्वालामुखी पर्वतावर ते जड कॅमेरा आणि काचेच्या निगेटिव्ह घेऊन वारंवार चढत असत. इ.स. १८९८ मध्ये या पर्वतावर वाट चुकलेल्या काही अभ्यासकांना त्यांनी सुरक्षित स्थळी पोहोचविले. त्यांत निसर्गतज्ज्ञ जॉर्ज बर्ड ग्रिनेल आणि प्राणिशास्त्रज्ञ सी. हार्ट मेरियम हे होते. या योगायोगाने कर्टिस यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

मेरियम यांच्या शिफारशीवरून रेल्वे उद्योजक एडवर्ड हॅरिमन यांनी इ.स. १८९९ मधील आपल्या अलास्का मोहिमेसाठी कर्टिस यांची अधिकृत छायाचित्रकार म्हणून नेमणूक केली. ‘जॉर्ज डब्ल्यू. एल्डर’ या आगबोटीवर अनेक शास्त्रज्ञ, चित्रकार व लेखक होते. निसर्गलेखक जॉन म्यूर आणि जॉन बरोज हेही त्यांत होते. दोन महिन्यांच्या या प्रवासात कर्टिस यांनी हिमनद्या, फियॉर्ड आणि किनाऱ्यावरील वस्त्या यांची छायाचित्रे घेतली. आकाराने सतत बदलणारी, कडे कोसळून समुद्रात विरघळणारी हिमनदी हा त्यांच्या कॅमेऱ्याचा एक आवडता विषय होता. शास्त्रीय नोंदी कशा ठेवाव्यात, मुलाखती कशा घ्याव्यात, याचे पद्धतशीर शिक्षणही त्यांना या बोटीवरच मिळाले.

परतीच्या वाटेवर मोहिमेने केप फॉक्स येथील ट्लिंगिट जमातीच्या एका गावाला भेट दिली. गावात कोणी नव्हते. ते कायमचे सोडून दिलेले आहे असे समजून मोहिमेतील लोकांनी तेथील कोरीव कुलस्तंभ उचलून नेले आणि ते पुढे संग्रहालयांत पोहोचले. लोक नष्ट झाले आहेत, तेव्हा त्यांच्या वस्तू वाचवल्या पाहिजेत, हा त्या काळचा तर्क येथे स्पष्ट दिसतो. ज्यांच्या पूर्वजांचे हे स्तंभ होते, ते लोक मात्र हयात होते. इ.स. २००१ मध्ये हे स्तंभ त्यांच्या वंशजांना परत करण्यात आले.

सूर्यनृत्य आणि नवे ध्येय

इ.स. १९०० च्या उन्हाळ्यात ग्रिनेल यांनी कर्टिस यांना माँटाना राज्यात नेले. तेथे ब्लॅकफूट लोकांपैकी पीगन जमातीचे सूर्यनृत्य पाहण्यास मिळणार होते. गवताळ पठारावर तंबूंचे मोठे वर्तुळ उभे होते. उपवास, प्रार्थना, नृत्य आणि नवस यांचा हा वार्षिक सोहळा अनेक दिवस चालत असे. अमेरिकन शासनाने इ.स. १८८३ च्या नियमावलीने अशा विधींवर बंदी घातली होती. ते करणाऱ्यांचा शिधा तोडण्याची किंवा त्यांना कोठडीत टाकण्याची तरतूद त्या नियमांत होती. आपण पाहत आहोत तो सोहळा कदाचित अखेरच्या काही सोहळ्यांपैकी एक आहे, या जाणिवेने कर्टिस भारावून गेले. मूलनिवासी जमातींची समग्र नोंद करण्याचा संकल्प त्यांनी याच सुमारास केला.

त्यानंतर ते ॲरिझोनातील होपी आणि नावाहो जमातींकडे गेले. इ.स. १९०४ मध्ये त्यांनी कॅनियन डी शे या खोल दरीत, उंच लालसर कड्यांच्या पायथ्याशी जाणाऱ्या सात घोडेस्वारांचे छायाचित्र घेतले. त्याच वर्षी त्यांनी अंधाराकडे रांगेने जाणाऱ्या नावाहो घोडेस्वारांचे ‘द व्हॅनिशिंग रेस’, म्हणजे ‘लोप पावणारा वंश’, हे छायाचित्र काढले. पुढे ग्रंथासोबतच्या चित्रसंपुटात त्यांनी ते पहिल्या क्रमांकावर ठेवले. याच सुमारास त्यांचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी परिचय झाला. रूझवेल्ट यांनी त्यांच्या कार्याला पाठिंबा दिला आणि पहिल्या खंडासाठी प्रस्तावनाही लिहिली.

‘द नॉर्थ अमेरिकन इंडियन’

स्टुडिओच्या उत्पन्नातून एवढे मोठे काम होणे शक्य नव्हते. जानेवारी १९०६ मध्ये कर्टिस यांनी धनाढ्य सावकार जे. पी. मॉर्गन यांची न्यूयॉर्क येथे भेट घेतली. मॉर्गन यांनी प्रथम नकार दिला, परंतु छायाचित्रे पाहिल्यावर आपला निर्णय बदलला, असे सांगितले जाते. त्यांनी पाच वर्षांत ७५,००० डॉलर देण्याचे मान्य केले. त्या बदल्यात त्यांना ग्रंथाचे २५ संच आणि ५०० मूळ छायाचित्रे मिळावयाची होती. १,५०० छायाचित्रांचा समावेश असलेले वीस खंड आणि त्यांच्या सोबत मोठ्या आकाराच्या चित्रांची वीस संपुटे अशी योजना ठरली. ही रक्कम केवळ प्रत्यक्ष प्रवास व संकलनासाठी होती. कर्टिस यांना स्वतःसाठी वेतन नव्हते आणि छपाईचा खर्च आगाऊ वर्गणीदार मिळवून भागवावयाचा होता. एका संचाची किंमत सुमारे ३,००० डॉलर होती. ५०० संच विकण्याचा बेत होता, परंतु प्रत्यक्षात ३०० संचही विकले गेले नाहीत.

खंडांचे संपादन मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक वेब हॉज यांनी केले. क्षेत्रीय संशोधन आणि लेखन यांचा मोठा वाटा विल्यम मायर्स यांनी उचलला. मायर्स यांना अपरिचित भाषांतील उच्चार ऐकताक्षणी टिपून घेण्याची असाधारण हातोटी होती. क्रो जमातीचे अलेक्झांडर अपशॉ हे दुभाषी आणि मार्गदर्शक होते. त्यांच्याविना मैदानी प्रदेशातील जमातींचे दरवाजे कर्टिस यांना उघडले नसते. इ.स. १९०९ मध्ये अपशॉ यांचा माँटानातील बिलिंग्ज शहरातील तुरुंगात मृत्यू झाला. वायव्य किनाऱ्यावर जॉर्ज हंट यांनी अशीच मदत केली. ग्रंथावर एकट्या कर्टिस यांचे नाव असले तरी तो अनेकांच्या परिश्रमांचे फळ होता.

कार्यपद्धती

कर्टिस यांचे पथक घोडागाडी, घोडे, होड्या आणि रेल्वे यांनी प्रवास करीत असे. सोबत तंबू, अन्नसामग्री, टंकलेखन यंत्र, ग्रंथ आणि शेकडो काचेच्या निगेटिव्ह असत. वादळ, पूर, वाळवंटातील उष्णता आणि घोड्याची एखादी ठेच यांमुळे काही क्षणांत महिन्यांचे काम फुटून जाण्याची भीती असे. छायाचित्रांबरोबरच पथकाने जमातींचे शब्दसंग्रह, दंतकथा, सृष्टीच्या उत्पत्तीच्या कथा, अन्न, घरे, विवाह व अंत्यविधी यांची नोंद केली. मेणाच्या नळकांड्यांवर गाणी व भाषा ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. अशी १०,००० हून अधिक मुद्रणे झाली, परंतु मेण हे ठिसूळ माध्यम असल्याने त्यांतील बहुतांश नष्ट झाली. इंडियाना विद्यापीठात आज त्यांपैकी २७६ नळकांडी जतन केलेली आहेत.

चित्रणाच्या बाबतीत कर्टिस यांच्यावर पिक्टोरियलिझम या त्या काळच्या प्रवाहाचा प्रभाव होता. छायाचित्र हे चित्रकाराच्या चित्राप्रमाणे भावपूर्ण असावे, असे या प्रवाहाचे मत होते. मंद प्रकाश, धूसर पार्श्वभूमी, तिरपी उन्हे आणि तपकिरी छटा ही कर्टिस यांच्या चित्रांची वैशिष्ट्ये आहेत. छपाईसाठी त्यांनी फोटोग्रॅव्हर पद्धत निवडली. तीत छायाचित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरले जाते आणि शाईने कागदावर उमटवले जाते. या पद्धतीने छापलेली त्यांची चित्रे एका शतकानंतरही टवटवीत दिसतात.

निसर्गश्रद्धांचे चित्रण

दगड, झाड, पाणी, वारा, पशुपक्षी या सर्वांच्या ठायी चैतन्य किंवा आत्मा आहे, या श्रद्धेला मानवशास्त्रात जडप्राणवाद म्हणतात. एडवर्ड टायलर यांनी ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ (१८७१) या ग्रंथात ही संकल्पना मांडली आणि धर्माची सर्वांत प्राथमिक पायरी म्हणून तिचे वर्णन केले. कर्टिस यांच्या काळात अनेक सुशिक्षित लोक या श्रद्धांना अंधश्रद्धा समजत. मूलनिवासींना धर्मच नाही, असाही समज होता. कर्टिस यांच्या खंडांनी या समजाला मोठा छेद दिला. प्रत्येक जमातीच्या वर्णनात त्यांनी धर्मजीवनाला विस्तृत स्थान दिले.

लकोटा लोकांवरील तिसऱ्या खंडात (१९०८) वाकन टांका या सर्वव्यापी गूढ शक्तीची कल्पना विशद केली आहे. एका छायाचित्रात उपासक धूम्रनलिका आकाशाकडे उंचावून उभा आहे आणि त्याच्या पायाशी रानगव्याची कवटी आहे. ज्या प्राण्यावर अन्न, वस्त्र व निवारा अवलंबून होता, त्याच्या आत्म्याला येथे मान दिलेला आहे. अरिकारा जमातीच्या बेअर्स बेली या पुरुषाचे इ.स. १९०८ मधील छायाचित्र विशेष प्रसिद्ध आहे. त्याने अस्वलाचे कातडे पांघरले आहे. मनुष्याचा चेहरा अस्वलाच्या केसांतून बाहेर आलेला दिसतो आणि माणूस व पशू यांच्यातील सीमारेषा क्षणभर पुसट होते. याच जमातीच्या विधीत देवदार वृक्षाला सजीव पूज्य म्हणून मध्यभागी उभे केले जाई. त्याचीही चित्रे खंडात आहेत.

होपी जमातीच्या सर्पनृत्यात पुरोहित चारही दिशांतून जिवंत साप गोळा करतात, ते तोंडात धरून नृत्य करतात आणि अखेर पावसाची प्रार्थना घेऊन जाण्यासाठी त्यांना पुन्हा रानात सोडतात. कर्टिस यांनी अनेक वर्षे होपी गावांत फेऱ्या घातल्यावर त्यांना या विधीच्या काही भागांत प्रवेश मिळाला. मंदान जमातीची पवित्र कासवे हेही असेच उदाहरण होय. कासवाच्या आकाराचे हे पूज्य नगारे परक्यांच्या दृष्टीस पडू दिले जात नसत. अपशॉ यांच्या मध्यस्थीने आणि पैसे देऊन कर्टिस यांनी त्यांचे छायाचित्र मिळवले. श्रद्धेचा आदर आणि गुप्त गोष्ट मिळविण्याचा हव्यास या दोन्ही प्रवृत्ती त्यांच्यात एकत्र नांदत होत्या.

नश्वरतेविषयी दोन दृष्टिकोन

पहिल्या खंडात नावाहो लोकांच्या वाळूच्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. आजारी व्यक्तीला बरे करण्यासाठी नावाहो वैद्य रंगीत वाळू व चूर्ण यांनी जमिनीवर देवतांची चित्रे रेखाटतात. रुग्णाला त्या चित्रावर बसवले जाते आणि विधी संपताच चित्र मोडून टाकले जाते. ते टिकवून ठेवणे अनुचित मानले जाते, कारण त्याचे सामर्थ्य त्याच्या विसर्जनातच असते. पुढच्या विधीत तेच चित्र स्मरणातून पुन्हा रेखाटले जाते.

कर्टिस यांच्या कार्यातील मूलभूत विसंगती येथे दिसून येते. ज्यांचे चित्रण ते करीत होते, त्या लोकांच्या दृष्टीने रूप नाहीसे होणे म्हणजे शेवट नव्हता. ऋतू, प्राणी, गीत आणि विधी यांप्रमाणे ते पुन्हा येणारच होते आणि परंपरा ही वस्तूंत नसून ती जाणणाऱ्या माणसांत होती. कर्टिस यांच्या दृष्टीने मात्र नाहीसे होणे म्हणजे कायमचे संपणे होते आणि काच व कागद हाच त्यावरील उपाय होता. इ.स. १९०० च्या जनगणनेत अमेरिकेतील मूलनिवासींची संख्या सुमारे २,३७,००० एवढीच नोंदली गेली होती. रोगराई, युद्धे, भूमीचे अपहरण आणि मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत ठेवणे यांमुळे हे समाज खरोखरच संकटात होते. त्यामुळे कर्टिस यांची भीती निराधार नव्हती. परंतु हा विनाश काळाच्या ओघात आपोआप घडत नव्हता. तो शासनाच्या धोरणांनी घडवलेला होता. सूर्यास्ताच्या उजेडातील त्यांची चित्रे पाहताना हा फरक सहज नजरेआड होतो.

चित्रपटनिर्मिती

वर्गणीदार मिळविण्यासाठी कर्टिस यांनी इ.स. १९११ मध्ये रंगीत काचचित्रे, व्याख्यान आणि हेन्री गिल्बर्ट यांचे वाद्यसंगीत यांचा एक कार्यक्रम तयार करून विविध शहरांत सादर केला. प्रेक्षकांनी दाद दिली, परंतु खर्च भरून निघाला नाही. इ.स. १९१३ मध्ये मॉर्गन यांचे निधन झाले. त्यांच्या मुलाने अर्थसाहाय्य चालू ठेवले, तरी पैशाची चणचण कायम राहिली.

इ.स. १९१४ मध्ये कर्टिस यांनी ‘इन द लँड ऑफ द हेड हंटर्स’ हा मूकपट तयार केला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व समाजातील लोकांनीच त्यातील सर्व भूमिका केल्या. कोरीव नौकांच्या नाळेवर गरुडसदृश मेघपक्षी व अस्वल यांच्या वेषांत नाचणारे नर्तक हे त्यातील सर्वांत स्मरणीय दृश्य होय. कथानक नाट्यमय व बरेचसे कल्पित होते. त्या वेळी कॅनडात पॉटलॅच या दानविधीवर आणि त्याच्याशी निगडित नृत्यांवर कायद्याने बंदी होती. चित्रपटाच्या निमित्ताने ही नृत्ये व मुखवटे उघडपणे सादर करण्याची संधी कलाकारांना मिळाली. डिसेंबर १९१४ मध्ये न्यूयॉर्क आणि सिॲटल येथे चित्रपट प्रदर्शित झाला. समीक्षकांनी प्रशंसा केली, मात्र तो व्यावसायिकदृष्ट्या अयशस्वी ठरला. इ.स. १९२४ मध्ये कर्टिस यांनी त्याचे हक्क न्यूयॉर्कमधील नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला अवघ्या १,५०० डॉलरना विकले.

कौटुंबिक जीवन आणि उत्तरायुष्य

वर्षातील बहुतेक काळ घराबाहेर राहिल्यामुळे कर्टिस यांच्या संसाराची हानी झाली. धाकटा भाऊ असाहेल हाही नामांकित छायाचित्रकार होता. अलास्काकडील सोन्याच्या शोधाच्या गर्दीची त्याने काढलेली छायाचित्रे एडवर्ड यांनी स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केल्यावरून दोघांत वितुष्ट आले आणि ते कधीच मिटले नाही. मुले व स्टुडिओ यांचा भार वाहणाऱ्या क्लारा यांनी इ.स. १९१६ मध्ये घटस्फोटासाठी अर्ज केला. इ.स. १९१९ मध्ये लागलेल्या निकालानुसार स्टुडिओ आणि तेथील निगेटिव्ह त्यांच्या वाट्याला आल्या. त्या हाती पडू नयेत म्हणून कर्टिस आणि त्यांची कन्या बेथ यांनी स्टुडिओतील काचेच्या निगेटिव्ह फोडून टाकल्या. ज्या माणसाने नाशापासून वाचविण्यासाठी आयुष्य वेचले, त्याच्याच हातून त्या कामाचा मोठा भाग नष्ट झाला.

यानंतर कर्टिस बेथसह लॉस एंजेलिसला गेले. तेथे त्यांनी स्टुडिओ उघडला आणि उदरनिर्वाहासाठी सेसिल डी. मिल यांच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ (१९२३) या चित्रपटावर साहाय्यक म्हणून काम केले. इ.स. १९१६ मध्ये अकरावा खंड निघाल्यानंतर थांबलेले प्रकाशन इ.स. १९२२ मध्ये होपी जमातीवरील बाराव्या खंडाने पुन्हा सुरू झाले. इ.स. १९२७ मध्ये, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, ते बेथसह एका लहान नौकेतून बेरिंग समुद्रातील नुनिवाक बेटापर्यंत गेले. या प्रवासातून सिॲटलला परतताच थकीत पोटगीच्या कारणावरून त्यांना अटक झाली. पुढे हा खटला काढून टाकण्यात आला.

विसावा आणि अखेरचा खंड इ.स. १९३० मध्ये प्रकाशित झाला. तोपर्यंत महामंदी सुरू झाली होती आणि लोकांची अभिरुचीही बदलली होती. ग्रंथाचे सर्व हक्क मॉर्गन कुटुंबाकडे गेले होते. इ.स. १९३५ मध्ये उरलेले संच, सुटी पाने आणि तांब्याचे पत्रे बॉस्टन येथील चार्ल्स लॉरिएट या पुस्तकविक्रेत्या कंपनीला १,००० डॉलर आणि विक्रीतील काही हिस्सा या मोबदल्यात विकण्यात आले. शरीराने व मनाने थकलेल्या कर्टिस यांनी उर्वरित आयुष्य सोन्याच्या खाणींचा छंद, थोडी शेती आणि आठवणींचे लेखन यांत व्यतीत केले. १९ ऑक्टोबर १९५२ रोजी कन्या बेथच्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते जवळपास विस्मृतीत गेले होते.

टीका

कर्टिस यांच्यावरील प्रमुख आक्षेप चित्रांच्या सत्यतेविषयी आहे. मूलनिवासींचे जीवन गोऱ्या संस्कृतीच्या स्पर्शापूर्वीचे दिसावे म्हणून ते आधुनिक वस्तू चौकटीबाहेर ठेवत, प्रसंगी जुन्या पद्धतीचे पोशाख घालावयास लावत आणि बंद पडलेले प्रसंग पुन्हा घडवून आणत. पीगन जमातीच्या तंबूतील दोघा पुरुषांच्या एका छायाचित्रात त्यांच्यामध्ये गजराचे घड्याळ होते. छापील चित्रातून ते पुसून टाकण्यात आले. घड्याळ जवळ बाळगूनही पीगन राहता येते, ही गोष्ट त्यामुळे चित्रातून नाहीशी झाली. इ.स. १९८२ मध्ये ख्रिस्तोफर लायमन यांनी आपल्या ग्रंथात अशा बदलांची सविस्तर चिकित्सा केली. त्याला मूलनिवासी विचारवंत व्हाइन डेलोरिया (कनिष्ठ) यांची प्रस्तावना आहे.

दुसरा आक्षेप मौनाविषयी आहे. निवासी शाळा, उपासमार आणि भूमीचे अपहरण यांचे दर्शन छायाचित्रांत जवळजवळ होत नाही. खंडांच्या मजकुरात मात्र शासनाच्या अन्यायावर कठोर शब्दांत टीका आढळते. लिटल बिगहॉर्न येथील इ.स. १८७६ च्या लढाईविषयी कर्टिस यांनी क्रो वाटाड्यांच्या साक्षी घेतल्या होत्या. त्या जनरल कस्टर यांच्या कीर्तीला बाधक होत्या. रूझवेल्ट यांच्या सल्ल्यानंतर कर्टिस यांनी तो भाग ग्रंथातून वगळला.

पुनर्शोध आणि वारसा

इ.स. १९७२ च्या सुमारास लॉरिएट कंपनीच्या तळघरात कर्टिस यांचे साहित्य पुन्हा सापडले आणि त्यांच्या छायाचित्रांची प्रदर्शने व पुस्तके निघू लागली. शिकागो येथील फील्ड संग्रहालयाला मिळालेल्या जीर्ण प्रतीवरून त्यांच्या मूकपटाची नवी आवृत्ती इ.स. १९७३ मध्ये तयार झाली. तिच्यासाठी क्वाक्वाकावाक्व समाजातील मंडळींनी संवाद व गीते ध्वनिमुद्रित केली. इ.स. १९९९ मध्ये या चित्रपटाचा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत समावेश झाला. इ.स. २००८ मध्ये मूळ संगीतासह त्याचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा त्या समाजातील नर्तकांनीही त्यात सहभाग घेतला. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयात कर्टिस यांची २,४०० हून अधिक मूळ छायाचित्रे आहेत. टिमथी इगन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

ज्यांच्या लोपाची कर्टिस यांना भीती वाटत होती, ते समाज आज अस्तित्वात आहेत. इ.स. २०२० च्या जनगणनेत संपूर्णतः किंवा अंशतः मूलनिवासी म्हणून नोंद केलेल्यांची संख्या सुमारे ९७ लाख होती. सूर्यनृत्य, सर्पनृत्य आणि पॉटलॅच हे विधी आजही होतात. अनेक कुटुंबांना कर्टिस यांच्या छायाचित्रांत आपल्या पणजोबांचे एकमेव चित्र गवसले आहे. विस्मरणात गेलेले पोशाख, टोपल्यांची वीण आणि मुखवटे पुन्हा घडविण्यासाठीही त्यांचा उपयोग केला जातो. दुसरीकडे होपी गावांत आता पाहुण्यांना छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. काय दाखवावे आणि काय दाखवू नये, हे ठरविण्याचा अधिकार ते स्वतःकडे ठेवतात. स्विनोमिश व टुलालिप जमातींच्या छायाचित्रकार मटिका विल्बर यांनी इ.स. २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट ५६२’ हा उपक्रम सुरू करून मूलनिवासी समाजांचे आजचे जीवन टिपण्यासाठी देशभर प्रवास केला. कर्टिस यांच्या चित्रांतील घोडेस्वार अंधाराकडे पाठमोरे जातात. विल्बर यांच्या चित्रांतील माणसे वर्तमानात उभी राहून कॅमेऱ्याकडे पाहतात.